रेंज, रविवार आणि रिकामी खुर्ची

खिशात बायबल, यूट्यूबवर उपासना, क्यूआर कोडवर दान... चर्च आता चोवीस तास उघडं आहे. मग रविवारी सकाळी गादी सोडून चर्चला जायचं तरी कशाला? कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका छोट्याशा मंडळीत बसून घेतलेला हा शोध.

कर्जत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पावसाळी ट्रेक, फार्महाउस, स्टेशनवरचा दिवाडकरांचा वडा. आणि खालापूर म्हटलं की? एक्स्प्रेस-वेचा टोलनाका, फूड मॉल, इमॅजिका आणि महडचा वरदविनायक. थोडक्यात, मुंबईकरांच्या वीकएण्डचा पत्ता. पण आमच्यासारखी काही मंडळी इथे सोमवार ते शुक्रवारही राहतात, बरं का! परवडेल असं घर शोधत आम्ही नवरा-बायको मध्य रेल्वेच्या नकाशावर एकेक स्टेशन मागे सरकत गेलो आणि २०१८ मध्ये कर्जतला येऊन थांबलो. पुढे घाट लागला म्हणून थांबलो, असं माझा नवरा म्हणतो.

माझं माहेर नगरचं. (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, आत्याच्या तोंडी मात्र अजून नगरच.) घर मराठी ख्रिस्ती. म्हणजे नाताळला केकच्या आधी करंज्या, रविवारी पेटी-तबल्यावर भजनं आणि ऑफिसात दर सहा महिन्यांनी एकदा तरी मिळणारं सर्टिफिकेट, 'अय्या, तू ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलतेस!'

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. वसईला, वांद्र्याला, नगरला ही माणसं दाटीवाटीनं भेटतात. आमच्या खोऱ्यात ती विखुरलेली आहेत. वर माथेरानला (तेही कर्जत तालुक्यातच!) ब्रिटिश अमदानीतलं सेंट पॉल्स चर्च आहे, कॅथलिकांचं होली क्रॉस चर्च आहे. खाली मात्र कुणी नेरळला, कुणी भिवपुरीला, कुणी खोपोलीला, कुणी चौकला. शाळेत, हॉस्पिटलात, रेल्वेत, कारखान्यात नोकरीनिमित्त आलेली, नाहीतर आमच्यासारखी ईएमआयच्या मागे आलेली माणसं. आम्ही चर्चला 'मंडळी' म्हणतो. किती बोलका शब्द आहे बघा... त्यात इमारत नाहीच, फक्त माणसं. आणि माणसं थोडी असली की मोबाइलने त्यांचं काय केलं, हे पटकन दिसतं.

डब्यातलं देऊळ

कर्जत ते सीएसएमटी अंतर १०० किलोमीटर. माझं ऑफिस लोअर परळला, म्हणजे दादरला उतरून पुढे. जाऊन-येऊन दिवसाचे चार तास, आठवड्याचे वीस. आता हिशेब मांडा. रविवारची उपासना दीड तासाची आणि लोकल वीस तासांची. माझ्या श्रद्धेचा मोठा भाग रुळांवरच घडतो म्हणा ना!

या वीस तासांचं मोबाइलनं सोनं केलं, हे आधीच मान्य करून टाकते. 'यूव्हर्जन' हे बायबलचं अ‍ॅप जुलै २००८ मध्ये आलं, आयफोनचं अ‍ॅप स्टोअर उघडलं त्याच महिन्यात. आज त्यात मराठी बायबलही आहे. माझ्या आजीचं बायबल काळ्या पुठ्ठ्याचं, दोन्ही हातांत धरायचं. ते घेऊन सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात चढून दाखवा! फोनवर मात्र एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्या हाताने स्तोत्र उघडायचं. अक्षर बारीक वाटलं तर मोठं करा, डोळे मिटत असतील तर ऐका. बॉसचा मेल येण्याआधी दहा मिनिटं तरी मन जागेवर येतं. यात वाईट काय आहे? काहीच नाही.

पण शेजारच्या जेंट्स डब्यात काय चाललेलं असतं, ते बघा. आमच्या मार्गावर भजनी मंडळं आहेत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ आणि तोंडपाठ अभंग. यांच्याकडे अ‍ॅप नाही. पण एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो, 'काय रे, बरा आहेस ना?' लेडीज डब्यात भाजी निवडणं चालतं, हळदीकुंकू होतं, कुणाच्या मुलीचं लग्न जुळतं. आणि या सगळ्यांच्या मध्ये मी. कानात इअरफोन, मिटलेले डोळे. जगभरातली भजनं माझ्या खिशात असतात, पण माझी गाडी चुकली तर विचारणारं कुणी नसतं.

हा फरक मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

खिळे, रूळ आणि शेजारचा माणूस

'मोबाइल म्हणजे सैतानाचं खेळणं' असं म्हणणारे एक काका प्रत्येक मंडळीत असतातच. काकांचा मान राखून सांगते, इतिहास वेगळं सांगतो. नवं यंत्र आलं की मराठी ख्रिस्ती माणूस ते पहिल्या रांगेत बसून शिकलाय.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. ओवीबद्ध मराठी, पण छपाई रोमन लिपीत, कारण तिथल्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. आज आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निम्मे लोक मराठी प्रार्थना इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. म्हणजे चारशे वर्षांनी पुन्हा स्टीफन्सच्याच रांगेत! पुढे १८११ मध्ये विल्यम कॅरी यांनी बंगालातल्या सेरामपूरहून मराठी नवा करार काढला. आणि पंडिता रमाबाईंनी तर कमाल केली. साध्यासुध्या बायकांना कळेल असं बायबल हवं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते स्वतः मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम तिथल्याच बायकांनी केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. समाजानं टाकलेल्या बायका शंभर वर्षांपूर्वी त्या काळचं 'हायटेक' काम करत होत्या... आपण स्टार्टअपच्या गोष्टी सांगतो!

आमच्या खोऱ्यालाही यंत्राचं अप्रूप नाही. कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे आली १८५६ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणारं टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झालं १९१५ मध्ये, आणि १९२२ मध्ये भिवपुरीला दुसरं. डोंगरावरचं पाणी खाली उतरायचं आणि मुंबईत दिवे लागायचे.

रेल्वेवरून आठवलं, कवी नारायण वामन टिळक! नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा जमल्या. त्यानं निघताना टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचला आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग आणि कीर्तन गायला लावणाऱ्या माणसाची गोष्ट अशी डब्यात सुरू झाली. या गोष्टीत रेल्वे आहे, छापखान्यातून आलेलं पुस्तक आहे, म्हणजे त्या काळची दोन्ही मोठी यंत्रं आहेत. पण शेजारच्या सीटवर बसलेला एक माणूसही आहे. टिळकांच्या कानात इअरफोन असते तर?

मूठमाती

मग आला मार्च २०२०. २५ तारखेपासून देशभर लॉकडाउन. २७ मार्चच्या संध्याकाळी रोममध्ये पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते आणि जग ते घरातल्या पडद्यावर बघत होतं. १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही स्वयंपाकघरात साजरा केला. आमच्या पाळकांनी त्यांच्याकडे फोन कुकरला टेकवून उपासना घेतली. मधेच कुणाचा माइक चालू राहायचा आणि प्रवचनात मिक्सरचा आवाज यायचा. हसून हसून पुरेवाट!

ते दिवस नेटने तारून नेले, यात वाद नाही. संधिवातामुळे दोन वर्षं घराबाहेर न पडलेल्या एक आजी त्या काळात पहिल्यांदा दर रविवारी 'हजर' होत्या. दुबईतला भाऊ, पुण्यातली आत्या, नगरची आजी आणि आम्ही कर्जतचे, सगळे एका पडद्यावर एकच भजन म्हणायचो. जो तो एक सेकंद मागे-पुढे, पण म्हणायचो.

आणि मग मे २०२१. दुसरी लाट. आजी गेली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, जिल्हा ओलांडायला ई-पास. मी कर्जतच्या फ्लॅटमध्ये. धाकट्या काकांनी फोन धरला होता. हात थरथरत होता, त्यामुळे कधी आकाश दिसायचं, कधी कुणाच्या चपला. पाळकांची प्रार्थना तुटक ऐकू आली. मग सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. आपल्या भाषेत पुरण्याला शब्दच आहे, मूठमाती देणं. मी बाल्कनीत गेले आणि गवती चहाच्या कुंडीतली माती मुठीत घेतली. घेतली खरी, पण टाकायची कुठे? स्क्रीनवर तोपर्यंत चित्र थिजलं होतं.

तो फोन नसता तर मला तेवढंही दिसलं नसतं. त्यासाठी मी त्या नेटवर्कची आयुष्यभर ऋणी आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. आमच्या धर्मातल्या महत्त्वाच्या गोष्टी हाताच्या आहेत. बाप्तिस्म्याचं पाणी, प्रभुभोजनाची भाकर, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवलेला हात आणि शेवटी मूठभर माती. यातली एकही पडद्यातून पलीकडे जात नाही.

ही काही फक्त ख्रिस्ती लोकांची गोष्ट नाही. त्याच २०२० साली संतांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी घरी बसून टीव्हीवर हात जोडले. पण 'यंदा वारी झाली' असं कुणी म्हणालं का? वारीत चालावं लागतं, हे पायाला माहीत असतं.

फादर जस्टिनची नोकरी

कॅथलिक चर्चने हा प्रश्न फार आधी ओळखला होता. व्हॅटिकनने २००२ मध्ये 'चर्च आणि इंटरनेट' या विषयावर एक पत्रकच काढलं. त्याचा सारांश सरळ होता. इंटरनेट वापरा, त्यातून लोक देवाकडे वळू शकतात, पण संस्कार इंटरनेटवर होत नाहीत. २०११ मध्ये पापनिवेदनाच्या तयारीसाठी आयफोनचं एक अ‍ॅप आलं, तेव्हाही व्हॅटिकनला खुलासा करावा लागला की बाबांनो, तयारी अ‍ॅपवर करा, पण निवेदन फादरांसमोरच. लॉकडाउनमध्ये प्रोटेस्टंट मंडळ्यांतही यावरून बरंच मंथन झालं. पाळकांनी स्क्रीनवरून आशीर्वाद द्यायचा आणि आपण आपल्या घरातली भाकर घ्यायची, हे चालेल की नाही? काहींनी केलं, काहींनी थांबायचं ठरवलं.

आता तर एआय आलंय. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक अ‍ॅन्सर्स' या संस्थेनं 'फादर जस्टिन' नावाचा एआय धर्मगुरू नेटवर आणला. दाढी, पांढरी कॉलर, सगळं कसं साग्रसंगीत. कुणी तरी त्याला विचारलं, अडचणीच्या वेळी पाण्याऐवजी गेटोरेडने बाप्तिस्मा दिला तर चालेल का? फादर म्हणाले, चालेल! गेटोरेड म्हणजे खेळाडू पितात ते रंगीत सरबत. इतका गहजब झाला की काही दिवसांतच संस्थेनं त्याची कॉलर काढून घेतली आणि तो नुसता 'जस्टिन' झाला. नोकरीतलं डिमोशन यंत्रालाही चुकलं नाही, बॉस!

हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. त्या यंत्राला पाण्याबद्दल लिहिलेलं हवं तेवढं वाचता येईल. पण ते कधी भिजलेलं नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट कार्लो अ‍ॅक्युटिसची. हा इटलीतला मुलगा कॉम्प्युटरचा किडा. त्यानं जगभरातल्या ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट केली. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेला. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. आपल्या पिढीचा पहिला संत! जीन्स-स्नीकर्समधला. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. प्लेस्टेशनवर तो आठवड्याला एकच तास खेळायचा, आणि मिस्साला मात्र रोज स्वतः जायचा. वेबसाइट दुसऱ्यांसाठी, पाय स्वतःचे.

तबलजी गेला, त्याची गोष्ट

आता आमच्या हॉलमध्ये या. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी उघडली. दुसऱ्या लाटेत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला पुन्हा उघडली. दारं उघडली, पण सगळी माणसं परतली नाहीत.

आमची मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये भरते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पेटी, एक तबला. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज की प्रवचन ओठांवरून वाचावं लागतं. पूर्वी चाळीसेक खुर्च्या मांडायचो, आता तीस पुरतात. न येणाऱ्यांची श्रद्धा गेलीय, असं मुळीच नाही. भेटल्यावर मोकळेपणानं सांगतात, 'अगं, आम्ही बघतो ना दर रविवारी! मुंबईच्या मोठ्या चर्चचं. काय म्युझिक, काय मेसेज, एकदम प्रोफेशनल!' खरंच आहे ते. तिकडे चार कॅमेरे, ड्रम्स, पडद्यावर गाण्याचे शब्द. आमच्या पाळकांचं प्रवचन चाळीस मिनिटं चालतं आणि त्याला पुढे पळवायचं बटण नाही! मोह मलाही होतो. नगरच्या माझ्या माहेरच्या चर्चची उपासना आता लाइव्ह असते. ज्या बाकावर आजीच्या मांडीवर झोपले, तो बाक इथे बसून दिसतो.

पण साधं गणित करा. हजार माणसांच्या चर्चमधून एक कुटुंब कमी झालं, तर कुणाला कळतही नाही. आमच्याकडून एक कुटुंब गेलं, तेव्हा तबलजी गेला, शब्बाथशाळेच्या ताई गेल्या आणि शब्बाथशाळेतल्या पाचपैकी दोन मुलं गेली. उरलेल्या तिघांना मग यावंसं वाटेना. तो बिचारा तबलजी घरी बसून उत्तम ड्रम्स ऐकतो. इकडे तबला गवसणीत.

म्हणजे लाइव्ह स्ट्रीमची झळ मोठ्या चर्चला लागत नाही, त्याचे प्रेक्षक वाढतच जातात. ती लागते छोट्या मंडळीला. आम्हा खोपोली-खालापूरवाल्यांना हे नवं नाही. एक्स्प्रेस-वे झाला आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या खोपोली गावात शिरेनाशा झाल्या. वेगाचा फायदा दोन टोकांना. मधल्या गावाला फक्त आवाज.

'मग छोटी मंडळी बंद पडली तर बिघडलं काय? देव तर सगळीकडे आहे!' असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण २७ जुलै २०१९ ची गोष्ट सांगते. उल्हास नदीला पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. तुम्ही ते टीव्हीवर पाहिलं असेल. त्या शनिवारी आमच्या लोकल बंद होत्या आणि माझा नवरा तापानं फणफणला होता. गावात येऊन वर्षही झालं नव्हतं, ओळखी जेमतेम. मी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. तासाभरात मंडळीतल्या एक नर्सताई चिखल तुडवत दारात उभ्या. मागोमाग पाळकांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणतो, मऊ भाताचा डबा घेऊन. रात्री अकरा वाजता पाळकांनीच स्कूटरवरून गोळ्या आणून दिल्या. ज्यांचं प्रवचन लांबतं ना, तेच!

या गोष्टीत मोबाइल खलनायक नाही, हे लक्षात घ्या. मेसेज गेला म्हणून तर माणसं आली. पण मेसेज ज्यांना गेला ते माझ्या दारापासून चालत येण्याइतके जवळ होते, आणि दर रविवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते म्हणून त्यांना माझा मजला माहीत होता. मुंबईचे ते प्रोफेशनल पास्टर मनानं कितीही चांगले असोत, त्यांच्या दृष्टीनं मी 'व्ह्यूज'च्या आकड्यातली एक आहे.

म्हणून हल्ली माझी कसोटी सोपी आहे. जे यंत्र मला शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेतं, ते कामाचं. जे शेजाऱ्याकडे जायची गरजच संपवतं, त्याच्यापासून जपून. रमाबाईंच्या छापखान्यानं बायका एकत्र बसवल्या. टिळकांच्या आगगाडीनं दोन अनोळखी माणसं समोरासमोर आणली. आपला फोन काय करतो, ते ज्यानं त्यानं आपापल्या फोनला विचारावं. श्रद्धा डाउनलोड करता येईलही एक वेळ. मंडळी डाउनलोड होत नाही, तिथे जाऊन बसावं लागतं.

आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल, तर चर्चच्या जागी सोसायटीचा गणपती, गावचा सप्ताह किंवा तुमचा वाचनकट्टा टाकून हेच वाचा. बघा, फारसं काही बदलत नाही!

नेट हवं, नेमही हवा
(आमच्या मंडळीत चाललेले काही प्रयोग)

आधी इथलं, मग तिथलं: मुंबईची, नगरची, हवी त्या गावाची उपासना बघा, पण रविवारी संध्याकाळी. सकाळ गावातल्या मंडळीची.

कॅमेरा आजींसाठी: लाइव्ह आम्हीही करतो, एका साध्या फोनवरून. घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजी-आजोबांसाठी. आणि महिन्यातून एकदा पाळक प्रभुभोजन घेऊन त्यांच्या घरी जातात. स्क्रीन रोजची, भाकर हातावर.

विनंती फॉरवर्ड नको: प्रार्थनेसाठी म्हणून कुणाचा आजार ग्रुपवर टाकला की तो तीन तालुके फिरून येतो. ज्याचं दुखणं, त्याला आधी विचारा. रिपोर्टचा फोटो तर कधीच नको.

साउंडबॉक्सला सुट्टी: यूपीआय २०१६ मध्ये आलं, पुढे आमच्याकडेही क्यूआर कोड आला. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली. पण उजव्या हातानं दिलेलं डाव्यालाही कळू नये अशी आमची शिकवण, आणि साउंडबॉक्स तर अख्ख्या आळीला ओरडून सांगतो! म्हणून कोड ठेवला, डबा परत केला. दानाची पिशवीही फिरतेच. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेकडे स्मार्टफोन असेलच असं नाही.

इअरफोन एकाच कानात: लोकलमध्ये दुसरा कान शेजारणीसाठी मोकळा ठेवा. माझ्या डब्यातल्या तिघींची नावं मला गेल्या वर्षी अशीच कळली.

मेसेज नको, फोन करा: ही आयडिया सरळ भजनी मंडळाकडून उचलली आहे. रविवारी एखादी खुर्ची रिकामी दिसली की दुपारी जेवणं झाल्यावर फोन करायचा. 'का आला नाहीस?' असं विचारायचं नाही. एवढंच विचारायचं, 'काय रे, बरा आहेस ना?' तबलजीला मी परवाच लावला होता.